मनातला कारभारी आणि पाठीवरचं ओझं

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, हे त्यातलं एक. निमित्त होतं विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. तेव्हा समुपदेशक हवा यावर वाद नाही. पण सोमवारी सकाळी तो शाळेत येईल आणि खुर्ची ओढून बसेल, त्यानंतर त्यानं नेमकं करायचं काय, याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात सापडत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी एक उत्तर पुढं येत आहे. मुलांना औषध देण्याआधी त्यांना मनावर ताबा ठेवायला, अडचणीचे तुकडे करून विचार करायला शिकवा. मानसशास्त्रात याला ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स’ म्हणतात. मराठी पुस्तकांत ‘कार्यकारी कार्ये’ असा शब्द येतो. तो वाचून सरकारी खात्याची आठवण होते. मी त्याला मनातला कारभारी म्हणेन. त्याची कामं मुख्यतः तीन. हातातलं काम संपेपर्यंत चार गोष्टी ध्यानात धरून ठेवणं. जिभेवर आलेला शब्द, उगारलेला हात, मोबाइलकडे वळलेलं बोट मागं घेणं, म्हणजे दम धरणं. आणि एक वाट बंद झाली की तिच्यावरच डोकं आपटत न बसता दुसरी धरणं. मेंदूच्या ज्या पुढच्या भागात या कारभाऱ्याचं दप्तर असतं, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. भावनांचा जोर मात्र बारा-तेराव्या वर्षीच चढायला लागतो. घोडा आधी आला आणि लगाम मागाहून, अशी ही अवस्था. नैराश्य, चिंता, अतिचंचलता यांच्यासोबत कारभारी कमजोर झालेला आढळतो. त्यातलं आधी काय आणि मागून काय, हे प्रत्येक मुलात वेगळं असू शकतं. उदास मुलाचं लक्ष लागत नाही, आणि लक्ष न लागल्यानं मागं पडलेलं मूल उदास होतं.

हे दिसतं कसं, ते ऊसतोडीच्या तळावर जाऊन पाहावं. दिवाळीच्या आगेमागे बीड-अहिल्यानगरकडच्या गावांतून ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि त्यांची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, मागं राहिलेली तेरा वर्षांची मुलगी पहाटे उठते. धाकट्याला सांभाळत पाणी भरते, भाकरी थापते, आई फडातून परतली की वाढ्याच्या मोळ्या मोजून बांधते. रात्री गाडी भरायला बोलावणं आलं की पुन्हा उठते. ध्यानात धरणं, दम धरणं, वाट बदलणं ही तिन्ही कामं ती दिवसभर करते. तिच्या हातात टॅबलेट देऊन “हिरवा ठिपका दिसला की दाबा, लाल दिसला तर थांबा” असं सांगितलं, तर मात्र तिचे गुण कदाचित कमी येतील. ती कारभारात कमी पडली, की तिचा कारभारी आधीच दुसरीकडे कामाला जुंपलेला होता? या एका प्रश्नाभोवती सगळा वाद फिरतो.

शिकवण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे दमदार पुरावा आहे. न्यूझीलंडमधल्या ड्यूनिडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा आजतागायत पाठपुरावा चालू आहे. लहानपणी ज्यांचा स्वतःवर ताबा जास्त होता, त्यांची तब्येत, पैशांची स्थिती, कायद्याशी असलेलं नातं हे सारं बत्तिसाव्या वर्षी सरस निघालं. बुद्ध्यंक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही. पण ड्यूनिडिन श्रीमंत देशातलं. आपल्याला जवळचं उदाहरण केनियाचं. टॉम ओसबोर्न यांच्या ‘शामिरी’ संस्थेनं तिथल्या माध्यमिक शाळांत चार बैठकांचा कार्यक्रम केला. नुकतीच शाळा संपवलेली तरुण मुलं तो चालवत होती, डॉक्टर नव्हेत. ‘मी बदलू शकतो’ ही धारणा, कृतज्ञता आणि स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी यांवर बोलणं, एवढाच मजकूर. ४१३ विद्यार्थ्यांवरच्या या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासाचं तंत्र शिकवलेल्या तुलनेच्या गटापेक्षा या मुलांतली नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं जास्त उतरली.

दुसरं उदाहरण गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेचं. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेनं दिल्लीच्या सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या मुलांना अडचण सोडवण्याच्या तीन पायऱ्या शिकवल्या: आधी अडचणीला नाव द्या, मग पर्याय मांडा, मग एक करून पाहा. कारभाऱ्याच्या कामाचा याहून नेमका धडा सुचवणं कठीण. सोबत चित्रकथांच्या पुस्तिका होत्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसती पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा समुपदेशकाशी बोललेल्या मुलांचा, त्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा जाच जास्त घटला. मात्र आजाराच्या लक्षणांच्या मोजपट्टीवर सहा आठवड्यांनी स्पष्ट फरक नव्हता. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. मुलांना “तुला काय झालंय” यापेक्षा “तुला काय जाचतंय” हा प्रश्न जवळचा असतो, आणि दोन्हींची उत्तरं एकच असतील असं नाही.

लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. बारावी झालेला, नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेला तरुण हे काम करू शकत असेल, तर तज्ज्ञाची वाट पाहत बसणं हा आळस ठरेल.

दुसरी बाजू सुरू होते एका गोड पदार्थापासून. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग आता पालकसभांतही सांगितला जातो. समोरचा एक तुकडा लगेच खायचा की थोडं थांबून दोन मिळवायचे; थांबणारी मुलं पुढं आयुष्यात यशस्वी होतात, असं त्याचं तात्पर्य. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर तो नव्यानं तपासला, तेव्हा थांबणं आणि पुढचं यश यांचा दुवा निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर बराचसा विरूनच गेला. कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी समाजाचा अनुभव तर त्याहून गमतीचा. तिथल्या चार वर्षांच्या मुलांपुढे त्यांच्या ओळखीचा तळलेला गोड वडा ठेवला. दहापैकी सात मुलं दुसरा मिळेपर्यंत थांबली. जर्मनीतल्या मध्यमवर्गीय मुलांत दहापैकी तीनही थांबली नाहीत. काही न्सो मुलं तर वाट पाहता पाहता खुर्चीतच झोपी गेली. तेव्हा गरीब मुलांना दम धरता येत नाही, हे गृहीत कुणी धरू नये. त्यांना जन्मापासून तेच शिकवलेलं असतं. थांबणं शहाणपणाचं केव्हा, हा प्रश्न राहतोच. ज्या घरात उद्याचा भरवसा नाही, तिथं आज मिळालेलं आजच खाणं हाही विचार करूनच घेतलेला निर्णय असू शकतो.

तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा २०१३ सालचा अभ्यास याच दिशेनं बोट दाखवतो. उसाचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात. त्याच शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर चाचणी घेतली, तर पैसे आल्यानंतर त्यांची विचारशक्ती आणि मनावरचा ताबा सरस आढळला. माणूस तोच, डोकं तेच. फक्त देण्याघेण्याची टोचणी कमी झालेली. या अभ्यासातले संशोधक मुल्लैनाथन आणि शफीर यांनी यावरून टंचाईचा सिद्धांत मांडला. चिंता मनाची जागा अडवते, आणि उरलेल्या जागेत कारभाऱ्याला बसावं लागतं. या सिद्धांताच्या काही प्रयोगांची पुनरावृत्ती करताना पुढं तसे निकाल मिळाले नाहीत, हेही सांगायला हवं. तरी मूळ निरीक्षण खोडून निघालेलं नाही.

जॉर्डनमधल्या अभ्यासाकडे मला पुन्हा पुन्हा यावंसं वाटतं. तिथं १२ ते १८ वर्षांची सीरियन निर्वासित मुलं आणि त्यांच्या शेजारची जॉर्डनी मुलं, अशी साडेचारशे मुलं टॅबलेटवर तपासली गेली. बाँबहल्ले, घर सोडणं, जवळच्यांचे मृत्यू पाहिलेली निर्वासित मुलं मागं पडतील, असंच कुणालाही वाटेल. पण ध्यानात धरून ठेवण्याच्या क्षमतेशी दुवा आढळला तो दारिद्र्याचा, आणि तोही दोन्ही गटांत. युद्धाच्या आघाताचा तसा दुवा दिसला नाही. आघात मनाला लागत नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण गरिबीचा रोजचा, आवाज न करणारा घासा आपण फार हलका समजत आलो, एवढं यातून नक्की निघतं.

मग गरिबीवरच थेट पैसे घालावेत का? मलावीच्या झोंबा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये १३ ते २२ वर्षांच्या अविवाहित मुलींच्या घरी दरमहा पैसे दिले गेले. काही घरांना विनाअट, काहींना शाळेतल्या हजेरीच्या अटीवर. शाळेत असलेल्या मुलींमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण विनाअट गटात ३८ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि अटीच्या गटात १७ टक्क्यांनी. अट घातलेल्या गटात आईबापांना मिळणारी रक्कम जितकी जास्त, तितका मुलीचा फायदा कमी. कारण उघड आहे. घरातल्या मिठामिरचीचा खर्च मुलीच्या हजेरीवर अवलंबून राहिला की ती हजेरी तिच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं होते. मुलींना सायकली, गणवेश, भत्ता देणाऱ्या आपल्या योजना आखणाऱ्यांनी ही ओळ टेबलावरच्या काचेखाली ठेवावी. पण या प्रयोगाची दुसरी ओळही ठेवावी लागेल: दोन वर्षांनी पैसे थांबले आणि मनाला मिळालेला आराम लवकरच ओसरला.

शिकवण एकटी पुरत नाही आणि पैसाही एकटा टिकत नाही. दोन्ही एकत्र केल्यावर काय होतं, ते लायबेरियानं पाहिलं. तिथल्या मन्रोव्हिया शहरात यादवी युद्धानंतर रस्त्यावर चोऱ्यामाऱ्या करून जगणारे ९९९ तरुण निवडले. वयानं ते किशोर नव्हेत, बहुतेक विशी-तिशीतले. तरी प्रश्न हाच होता. काहींना आठ आठवडे रागावर ताबा, पुढचा विचार, स्वतःकडे नव्यानं पाहणं हे शिकवलं. काहींना दोनशे डॉलर दिले. काहींना दोन्ही, आणि काहींना काहीच नाही. नुसत्या पैशानं गुन्हे फारसे हटले नाहीत. नुसत्या शिकवणीचा परिणाम हळूहळू फिका पडला. शिकवण आणि पैसा दोन्ही मिळालेल्यांमध्ये गुन्हे आणि हिंसा साधारण निम्म्यावर आली, आणि दहा वर्षांनी जाऊन पाहिलं तरी तो फरक टिकून होता. पैशानं बहुधा एवढंच केलं की शिकलेलं वापरून पाहायला काही महिन्यांची उसंत दिली. नवी सवय लागायला थोडी निवांत जागा लागते, आणि गरिबाकडे नेमकी तीच नसते.

म्हणून माझं मत असं: कारभाऱ्याला शिकवावं, पण त्याच्या डोक्यावरचं एखादं तरी गाठोडं त्याच वेळी उतरवावं. हा क्रम उलटा करून आधी संयम शिकवायचा आणि सोयीसुविधांचं नंतर पाहू म्हणायचं, तर ‘तुझ्या हालांना तूच जबाबदार’ हा संदेश मुलापर्यंत पोहोचतो. ऊसतोडीच्या तळावरची ती मुलगीच घ्या. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यामागं हुंडा आहे, मुलीला मागं एकटं ठेवण्याची धास्ती आहे, जोडप्यालाच कोयता मिळतो हा व्यवहारही आहे. या मुलीला दम धरायला शिकवलं, ठीक. पण तिच्या बाबतीत दम धरायचा कुणी? निर्णय तिच्या हातात नाहीच.

यावरचा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो सौम्य नाही. गरिबी हटेपर्यंत थांबा म्हणणं पंधरा वर्षांच्या मुलासाठी क्रूर आहे. त्याचं पंधरावं वर्ष आजच चालू आहे. वसतिगृह बांधायला सरकारला चार वर्षं लागतील, समुपदेशक चार महिन्यांत येऊ शकतो. जे स्वस्तात आणि लवकर होईल ते आधी करावं, या म्हणण्यात तथ्य आहे. माझी हरकत फक्त एवढीच, की आपल्याकडे स्वस्तात जे आधी होतं, तेवढंच होऊन थांबतं.

शिवाय स्वस्त म्हणजे कसंही नव्हे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘संगत’नंच ७४ शाळांत केलेली ‘सेहेर’ची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एकच कार्यक्रम दोन प्रकारे चालवला. काही शाळांत ‘सेहेर मित्र’ म्हणून खास नेमलेला स्थानिक माणूस, काहींत शाळेतलाच शिक्षक. मित्र असलेल्या शाळांचं वातावरण बदललं, नववीच्या मुलांतलं नैराश्य, दादागिरी, हिंसा कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत असा फरक जवळजवळ दिसलाच नाही. यात शिक्षकांना दोष देण्यासारखं काही नाही. ज्याच्याकडे मतदार यादी, पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती आणि दोन वर्ग आहेत, त्याच्या वेळापत्रकात ‘मानसिक आरोग्य’ हा आणखी एक रकाना होतो. आणि ज्याच्या हातात छडी किंवा गुण असतात, त्याच्याकडे मूल घरची गोष्ट घेऊन जात नाही. ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना शिक्षकांनी सजगतेचे धडे दिले. २०२२ चा निकाल सांगतो की नेहमीच्या शिकवणीपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला नाही. सगळ्या वर्गाला सरसकट डोस पाजण्याचा मोह आपल्याकडे होणारच, तो आवरावा.

आणखी एक भीती आहे ती मोजमापाची. चाचण्या आल्या की यादी येते, आणि यादी आली की मुलाच्या कपाळी शिक्का बसतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पावणेदोन किलोचा भाव तोंडी सांगणारी ही मुलं तसलंच गणित पाटीवर लिहून दिलं की अडखळली. आणि शाळेत हुशार असलेली मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. जे दोन्ही ठिकाणचं मोजत नाही, ते मोजमाप अर्धं. गरीब म्हणजे आजारी, हे समीकरणही तपासून घ्यावं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण महानगरांत १३.५ टक्के आणि ग्रामीण भागात ६.९ टक्के आढळलं. खेड्यातला त्रास सर्वेक्षणाच्या प्रश्नांत बसला नसेल, हे शक्य आहे. शिकवणीवर्गांच्या शहरात त्रासाला वेगळी खतं मिळत असतील, हेही शक्य आहे.

आता महाराष्ट्रापुरतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये जाहीर झाली; ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांची आणि मुलींची वेगळी. शिवाय गावोगावच्या शाळांतली हंगामी वसतिगृहं आहेत. ट्रॅक्टर गावातून निघण्याआधी त्यांची चूल पेटली, तर मुलगी गावात राहते. पंधरा दिवस उशिरा पेटली, तर ती तळावर पोहोचलेली असते, आणि एकदा गेलेलं मूल हंगामाच्या मध्यात परत येणं दुर्मीळच. मानसिक आरोग्याच्या अंदाजपत्रकात या तारखेला जागा नसते, कारण ती दुसऱ्या खात्याची. समुपदेशकाची नेमणूक एका फायलीत, वसतिगृहाचा शिधा दुसरीत, शिष्यवृत्तीचा हप्ता तिसरीत. मुलगी मात्र एकच.

जिल्हा परिषदांनी एवढं करून पाहावं. प्रत्येक तालुक्यासाठी एकच कागद. त्यावर तीन तारखा: हंगामी वसतिगृह सुरू झालं ती, शिष्यवृत्ती खात्यात पडली ती, आणि शाळेतला मित्र किंवा समुपदेशक पहिल्यांदा मुलांशी बोलायला बसला ती. शेजारी चौथी तारीख लिहावी, गावातून पहिला ट्रॅक्टर निघाला ती. गुण, शिक्के, टॅबलेट काही नको. पहिल्या तीन तारखा चौथीच्या आधीच्या आहेत की नंतरच्या, हे ग्रामसभेतली कुणीही बाई वाचून सांगेल.